मिस पिलिंगना भेट दिलेला हीटर

अ‍ॅक्रिंग्टन गावात गॅसचं काम करणारे सतरा जण आहेत आणि त्यातले सोळा गाढव आहेत, असं क्लिफर्ड एन्टविसलचं कित्येक वर्षं प्रामाणिक मत होतं. सतरावा कोण, हे तो स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसे. ऐकणाऱ्यानं ते आपण होऊन ओळखावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असे.

आता हाच क्लिफ क्लबात डॉमिनो खेळता खेळता ही सगळी हकिगत स्वतःच रंगवून सांगतो आणि सांगताना सतराव्या गाढवाचा उल्लेख नावानिशी करतो. पण तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा त्याची मान ताठ होती, व्हॅन धुतलेली होती आणि खिशात ते कार्ड होतं.

कार्ड म्हणजे गॅसवाल्याचं ओळखपत्र. ते सगळ्यांकडेच असतं, पण क्लिफनं त्याचा एक सोहळा करून टाकला होता. दार उघडलं की तो आत पाऊल टाकायचा नाही. पायरीवरच उभा राहून कार्ड पुढे करायचा आणि म्हणायचा, "पुढची बाजू बघू नका. पुढे नुसतं माझं थोबाड आहे. मागे बघा. मला कशाकशाला हात लावायची परवानगी आहे, ते मागे लिहिलंय. मोठ्यानं वाचा." कुणाच्या कडेवर पोर असायचं, कुणाचं शेगडीवर दूध उतू चाललेलं असायचं, पण वाचल्याशिवाय सुटका नसे. वाचून झालं की क्लिफ मान डोलवायचा आणि पाय पुसून आत जायचा. जो गॅसवाला मागची बाजू दाखवत नाही त्याला चहासुद्धा विचारू नका, असं तो जाताना बजावून जायचा.

त्याची बायको लॉरेन हिला वडिलांचं एक घर मिळालं होतं, मिल स्ट्रीटवर. लाल विटांचं, ओळीतलं चौथं. तिथे अकरा वर्षं मिस म्युरिएल पिलिंग नावाच्या बाई भाड्यानं राहत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अविवाहित, आणि सबंध आयुष्य शाळेच्या परीक्षा विभागात काढलेल्या. भाड्यानं दिलेल्या घरातला गॅस दरवर्षी तपासून भाडेकरूच्या हातात दाखला द्यावा लागतो. जुन्या दाखल्याची मुदत त्या नोव्हेंबरातल्या बुधवारी संपत होती. लॉरेननं रविवारी विचारलं की तुला वेळ नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगू का. क्लिफला ते फार लागलं. घरात हलवाई असताना बाहेरून मिठाई आणायची, असं काहीसं तो बोलला आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मिस पिलिंगच्या दारात हजर झाला.

"मागे बघा," तो म्हणाला, "मोठ्यानं वाचा."

मिस पिलिंगना असं काम कुणी सांगितलं की त्यांना आनंदच व्हायचा. त्यांनी चष्मा बदलला, कार्ड उजेडात धरलं आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचलं. बॉयलर. गॅसचे नळ. स्वयंपाकाची शेगडी. मीटर. मग बोट थांबलं. त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं.

"मिस्टर एन्टविसल, यात हीटर नाही."

"असणार. अक्षर बारीक असतं."

बाई आत गेल्या आणि भिंग घेऊन आल्या. भिंगातूनही हीटर नव्हता. मग क्लिफनं भिंग घेतलं. कार्ड नवीन होतं, शनिवारीच टपालानं आलेलं. सतरा जणांतला एकमेव शहाणा असल्यामुळे त्यानं ते न बघताच पाकिटात सारलं होतं.

आणि भर थंडीत त्याच्या कानशिलावर घाम आला, कारण सगळं त्याच क्षणी आठवलं. दर पाच वर्षांनी फेरपरीक्षा द्यावी लागते. मागच्या खेपेला बॉयलर, शेगडी वगैरेची त्यानं वसंतात दिली होती, पण हीटरच्या परीक्षेला सर्दीमुळे जाता आलं नाही म्हणून ती ऑक्टोबरात दिली. त्यामुळे बाकीच्या परीक्षा या वसंतात पुन्हा देऊन झाल्या, तरी हीटरची मुदत वेगळी, याच ऑक्टोबरात संपली होती. आठवणीची तीन पत्रं आली होती. त्यातल्या एकाच्या पाठीवर डॉमिनोचे गुण मांडल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं. त्या दिवशी तो जिंकलाही होता.

"तुमच्यावर काही अविश्वास नाही हं," मिस पिलिंग अगदी कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "मला माफ करा. पण तुम्हीच दरवर्षी सांगता ना, की कार्डावर नसेल तर हात लावू द्यायचा नाही. म्हणून मी हात लावू देणार नाही. चहात साखर दोनच ना?"

क्लिफनं बॉयलर तपासला, शेगडी तपासली. दोन्ही उत्तम. मग तो बैठकीच्या खोलीत चहाचा कप घेऊन त्या हीटरसमोर बसला. तपकिरी रंगाचा, लाकडासारख्या पट्ट्यांचा, शेगडीपेक्षा मोठा आणि कपाटापेक्षा लहान असा तो अवजड ऐवज लॉरेनचे वडील हॅरल्ड यांनी एकोणीसशे सत्त्याऐंशी साली हौसेनं आणला होता. हॅरल्ड वीटभट्टीवर कामाला होते. संध्याकाळी घरी आले की चहाचा मग त्या हीटरच्या माथ्यावर ठेवायचे, रोज त्याच जागी, आणि तिथे एक गोल डाग पडला होता. लॉरेन वर्षातून एकदा मिस पिलिंगकडे चहाला जायची, तेव्हा बोलता बोलता तिचं बोट त्या डागावरून फिरायचं. ती त्याबद्दल कधी काही बोलली नव्हती. क्लिफला मात्र ते ठाऊक होतं.

दुसऱ्या गॅसवाल्याला बोलवायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. लॉरेनला सांगावं लागणार. शिवाय हीटरची कामं घेणारा गावात मुख्यतः एकच, गॅरी ग्रिमशॉ. सोळा गाढवांच्या यादीत क्लिफनं ज्याला पहिला नंबर दिला होता तोच हा. चहा संपता संपता क्लिफला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर तो स्वतःच्या डोक्यावर इतका खूश झाला की त्यानं आणखी एक बिस्कीट घेतलं.

कायदा असा आहे की घरमालकानं स्वतःची उपकरणं तपासून घ्यायची. भाडेकरूनं स्वतःचं आणलेलं काही असेल, तर ते त्याचं तो बघेल. म्हणजे हा हीटर मिस पिलिंगचा झाला, तर दाखल्यावर त्याचा प्रश्नच उरत नाही. हीटर भिंतीवरचा हलणार नाही, लॉरेनला कळणार नाही, जानेवारीत परीक्षा दिली की तो परत मालकिणीच्या नावावर करून घेता येईल. फक्त एक कागद.

त्यानं एक कोरा फॉर्म उलटा केला आणि लिहिलं की घरमालकीण श्रीमती लॉरेन एन्टविसल यांच्या वतीनं, अकरा वर्षांच्या उत्तम सहवासाबद्दल, बैठकीच्या खोलीतला गॅस हीटर मिस पिलिंग यांना कायमचा भेट देण्यात येत आहे. ‘कायमचा’ हा शब्द नको होता, हे त्याचं त्यालाही आता पटतं, पण लिहिताना हात भरात होता. मिस पिलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तारीख घालायला लावली, वेळ घालायला लावली, स्वतःसाठी एक आणि क्लिफसाठी एक अशा दोन प्रती करायला लावल्या.

एक गोष्ट मात्र क्लिफनं सचोटीनं केली. गॅसच्या बाबतीत तो खरोखरच कडक होता. योग्य माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय हीटर पेटवू नका, असं त्यानं बाईंना तीनदा बजावलं. मिस पिलिंगनी ते वहीत लिहून घेतलं.

मंगळवार आणि बुधवार क्लिफनं शीळ घालत काढले.

गुरुवारी सकाळी तो लॉरेनसमोर बसून टोस्टला मार्मालेड लावत होता, तेव्हा दारातून टपाल पडलं. त्यात फिकट निळ्या पाकिटातलं एक आभारपत्र होतं. आमच्याकडे कुणी जुना पुठ्ठा दिला तरी दोन दिवसांत आभारपत्र जातं, आणि क्लिफ जन्मापासून याच गावात राहतो. तरीही ही गोष्ट त्याच्या युक्तीत बसायची राहून गेली होती. लॉरेननं पाकीट उघडलं आणि वाचायला लागली.

"‘प्रिय श्रीमती एन्टविसल, तुमच्या वडिलांचा हीटर तुम्ही मला भेट दिलात, मी अगदी भारावून गेले.’" लॉरेननं क्लिफकडे पाहिलं. क्लिफ मार्मालेडकडे पाहत होता. "‘खरं सांगायचं तर तो मला अकरा वर्षं जरा अंगावर यायचा, पण दुसऱ्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची. आता तो माझाच म्हटल्यावर धीर झाला. मिस्टर ग्रिमशॉ यांनी काल तो काढला, नळीला व्यवस्थित बूच मारलं. खोली केवढी मोठी वाटतेय! तिथे मी जिगसॉची कोडी मांडायला टेबल ठेवणार आहे. हीटर दाराबाहेर ठेवलाय, भंगारवाले गुरुवारी येतात.’"

लॉरेननं पत्र खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं क्लिफ म्हणतो.

"बाबांचा हीटर दाराबाहेर का आहे, क्लिफ?"

"मी आणतो," क्लिफ म्हणाला, आणि पायात घरातल्या सपाता, हातात लोणी लावायची सुरी, अशा थाटात बाहेर पडला.

गुरुवारी आमच्याकडे कचऱ्याच्या कुंड्या उचलायला गाडी येते. तिनं अख्खा रस्ता अडवला होता आणि क्लिफची व्हॅन तिच्यामागे अडकली. त्यानं सुरी कुंपणावर ठेवली आणि पळत सुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पोट क्लबातलं, रस्ता चढाचा. मिल स्ट्रीटवर पोचला तेव्हा मिस पिलिंग पायरी धूत होत्या. त्यांनी आनंदानं हात हलवला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. भंगारवाला आत्ताच गेला होता. आत्ताच म्हणजे त्याच्या भोंग्याचा आवाज अजून येत होता.

क्लिफच्या नशिबानं भंगारवाल्याला भूक लागली. तीन गल्ल्या पुढे पावाच्या दुकानासमोर त्याची गाडी उभी होती आणि तो पावात घातलेलं बेकन खात टपाला टेकून उभा होता. मागे दोन सायकली, एक बाथटब, आणि त्यावर हॅरल्डचा हीटर आडवा.

"तो माझा आहे," क्लिफ धापा टाकत म्हणाला.

"कागद आहे का, काका? सगळेच म्हणतात माझा आहे."

कागद होता. क्लिफनं तो खिशातून काढला आणि मग त्याच्या लक्षात आलं की हीटर आपला नाही, बायकोचाही नाही, तो कायमचा मिस पिलिंगचा आहे, हे त्यात स्वतःच्या हस्ताक्षरात, तारीख-वेळेसह नमूद आहे. भंगारवाल्यानं बेकन चघळत तो दोनदा वाचला.

"तुमच्याच विरुद्ध आहे की हा," तो म्हणाला. "एवढं पक्कं कुणी लिहून दिलं?"

क्लिफला खोटं सुचलं नाही. सोमवारी त्याचा सगळा साठा संपला होता. तो म्हणाला की मी लिहिलं, आणि का लिहिलं तेही त्यानं पावाच्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं. दुकानातल्या बाई ऐकायला दारात आल्या. भंगारवाल्यानं विचार केला आणि क्लिफच्या गॅरेजमध्ये पडलेल्या दोन तांब्याच्या टाक्यांच्या बदल्यात हीटर सोडायला तो तयार झाला. पोचवायला मात्र तयार नव्हता, त्याला उलट्या दिशेला जायचं होतं.

आता तो हीटर एका माणसानं उचलून न्यायची वस्तू नव्हे. क्लिफनं कुणाची तरी रिकामी केलेली चाकांची कचराकुंडी घेतली, त्यात हीटर उभा घातला आणि घराकडे ढकलत निघाला. चाकांचा खडखडाट सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. ज्या ज्या दारात त्यानं लोकांना कार्ड वाचायला लावलं होतं, ते ते दार त्या सकाळी उघडं होतं असं त्याला वाटलं. चढ सुरू झाला तिथे एक व्हॅन हळूच त्याच्या बाजूला आली. खिडकीतून ग्रिमशॉचं डोकं बाहेर आलं.

"क्लिफ, लेका, कचऱ्यात काय नेतोस?"

क्लिफ ढकलतच राहिला. दहा पावलं व्हॅन त्याच्या चालीनं चालली. मग ग्रिमशॉ उतरला, न विचारता कुंडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून हीटर व्हॅनमध्ये चढवला. वाटेत क्लिफनं कबूल केलं की हीटरची परवानगी संपली आहे. ग्रिमशॉ म्हणाला की ठाऊक आहे, बाईंनी सोमवारी फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे क्लबात कुणाकुणाला ठाऊक आहे, असं क्लिफनं भीत भीत विचारलं. डॉमिनो न खेळणाऱ्यांना अजून कळलं नसेल, असं ग्रिमशॉ म्हणाला.

लॉरेन दारात उभी होती. दोघांनी हीटर आणून बैठकीच्या खोलीत, बुजवलेल्या जुन्या धुराड्यासमोर ठेवला. ग्रिमशॉ लगेच निघून गेला, तेवढी समज त्याला होती. लॉरेननं फडकं ओलं करून आणलं आणि हीटरवरचा चिखल पुसला. सगळा पुसला, तो गोल डाग सोडून. मग तिनं त्यावर बोट ठेवलं आणि ती रडली. पस्तीस वर्षांच्या संसारात क्लिफनं तिला फार वेळा रडताना पाहिलेलं नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना.

"मला घाबरलास?" तिनं विचारलं.

"ग्रिमशॉला बोलवावं लागेल म्हणून घाबरलो."

"माझ्या बाबांपेक्षा तुला ग्रिमशॉ मोठा झाला."

क्लिफनं दुसऱ्या दिवशी परीक्षाकेंद्राला फोन केला. जानेवारीच्या अठरा तारखेला सकाळची जागा मिळाली. ती त्यानं मुद्दाम मागून घेतली, कारण अठरा जानेवारी हा हॅरल्डचा वाढदिवस. त्यानं लॉरेनला शब्द दिला की सकाळी पास होईन आणि संध्याकाळी बाबांचा हीटर माझ्या हातानं या घरात पेटवीन. लॉरेन म्हणाली, बरं. तिनं हो म्हटलं नव्हतं, बरं म्हटलं होतं. पण क्लिफ तेव्हा फरक करण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

दोन महिने त्यानं शाळकरी पोरासारखा अभ्यास केला. स्वयंपाकघरात आकृत्या चिकटवल्या. जेवताना वाचायचा, आंघोळीला जाताना पुस्तक न्यायचा. बुजवलेलं धुराडं उघडून साफ करून घेतलं, जागा मोजून घेतली, फक्त जोडणी तेवढी बाकी ठेवली. आणि अठरा तारखेला तो पास झाला. नुसता पास नव्हे, शंभरात शहाण्णव! परीक्षकानं हात मिळवला. क्लिफनं निकालाचा कागद व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्यावर सूर्यप्रकाश पडू नये म्हणून वर टोपी ठेवली, जरी त्या दिवशी सूर्य कुठेच नव्हता.

घरी आला तो हातात कागद उंच धरून. बैठकीचं दार उघडलं आणि अंगावर ऊब आली.

हीटर पेटलेला होता. लॉरेन समोर खुर्चीत बसली होती, पाय पुढे पसरलेले, आणि हीटरच्या माथ्यावर, डागावर बरोबर, चहाचा मग होता.

"शहाण्णव," क्लिफ म्हणाला.

"छान," लॉरेन मनापासून म्हणाली. "खरंच छान. पण आज बाबांचा वाढदिवस. तू नापास झाला असतास तर?"

क्लिफनं कागद टेबलावर ठेवला, विजेरी आणली आणि हीटरसमोर गुडघे टेकले. ज्योत पाहिली. नळी पाहिली, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. काडी पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं. धूर मुकाट्यानं धुराड्यात गेला. त्यानं आडवं पडून खालून पाहिलं. शहाण्णव गुणांचं सगळं ज्ञान पणाला लावून त्यानं पंधरा मिनिटं एक दोष शोधला, निदान एखादा सैल स्क्रू. नव्हता. ज्योत इतकी सरळ आणि शांत होती की अकरा वर्षांत त्याच्या स्वतःच्या हातून ती तशी कधी लागली नव्हती.

"काही चुकलंय का त्यात?" लॉरेननं विचारलं.

क्लिफ गुडघे झटकत उठला. आमच्या गावात एखाद्याची तारीफ करायची म्हणजे जे शेवटचे दोन शब्द असतात, ते त्यानं घशातून ओढून काढले.

"वाईट नाही."

"मी ग्रिमशॉला तसं सांगू?"

"अजिबात सांगू नकोस," क्लिफ म्हणाला.

स्वयंपाकघरातून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"काही गरज नाही, वहिनी," ग्रिमशॉ आतून म्हणाला. "ऐकलं मी."